वासाचा ठसा

नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की एखादा मुरलेला अडत्या क्रेटवर नुसता वाकतो, श्वास ओढतो आणि सांगून टाकतो, "खाली एखादा सडका हाय, भाऊ." तळाशी हात घालावा तर खरंच बुरशीनं मऊ पडलेला संत्रा बोटांना लागतो.

यंत्राकडून हे काम करून घ्यायचं तर वास लागणं सोपं आहे, ओळखणं अवघड. गॅस-अलार्ममध्ये बऱ्याचदा टिन ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. ज्वलनशील वायू त्यावर आला की पृष्ठभागावरचा ऑक्सिजन खर्ची पडतो, विद्युत रोध उतरतो आणि अलार्म बोंबलतो. जवळ सॅनिटायझर फवारला तरी बोंबलू शकतो. त्याला सगळे पाहुणे सारखेच.

ओळख शिकवायची एक युक्ती मला भारी आवडते: रेणूचा ठसा घ्यायचा. नागपुरात सिमेंट रोडचं काम चालू असलं की ओल्या काँक्रीटवरून एखादं कुत्रं हमखास चालून जातं. कुत्रं जातं, पाऊल राहतं. इथेही तसंच. ज्या रेणूचा वास ओळखायचा तो द्रावणात घालायचा, सोबत त्याला धरू शकणारे छोटे घटक, उदाहरणार्थ मेथाक्रिलिक आम्ल. हे घटक हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या सुटू शकणाऱ्या हलक्या पकडीनं, रेणूला बिलगतात. मग जाळं विणणारं दुसरं रसायन टाकून सगळं घट्ट पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखं जाळं, करायचं आणि शेवटी मूळ रेणू धुऊन काढायचा. उरतो त्याच्या मापाचा खळगा, आणि खळग्याच्या भिंतीवर नेमक्या जागी धरायचे हात. कुत्र्याच्या ठशात मांजराचं पाऊलही मावतं, पण इथे ते हातांच्या पकडीत नीट बसत नाही.

सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ पॉल्याकोव यांनी १९३१ मध्येच सिलिकात असा परिणाम नोंदवला होता. पॉलिमरची रीत जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी १९७२ मध्ये दाखवली.

खळगा भरला हे कळतं वजनावरून. घड्याळात असतो तसल्या क्वार्ट्झ स्फटिकावर या पॉलिमरचा पातळ थर देतात. रेणू येऊन बसले की थर जड होतो, कंपनं मंदावतात. सेकंदाला ५० लाख कंपनांच्या स्फटिकात एका कंपनाची घट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७.७ नॅनोग्रॅमची भर. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० मध्ये अशाच स्फटिकांवर निरनिराळे ठसे घेऊन ताज्या आणि वाळलेल्या सुगंधी पाल्यातले टर्पीन, म्हणजे वनस्पतींच्या वासाच्या तेलातले रेणू, टिपले. त्यात लिमोनीनही होतं, म्हणजे आपल्या संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा मुख्य घटक.

पण लिमोनीन म्हणजे निव्वळ कार्बन आणि हायड्रोजन. हायड्रोजन बंधानं पकडावं अशी कडीच त्याला नाही. म्हणून सगळी भिस्त खळग्याच्या आकारावर आणि तेलकटपणावर. सडक्या फळातून एथेनॉल आणि एथिल ॲसिटेटही निघतं. त्यांना कडी आहे, पण जीव इवलासा, आणि एवढ्याशा खळग्यात पाण्याचा रेणूही खुशाल शिरतो. जुलैतल्या नागपुरात तर तो आधीच जागा धरून बसलेला असणार. मे महिन्यात उलटी कथा: ४५ अंशांच्या उकाड्यात आलेला रेणू खळग्यात टिकत नाही. कोरड्या नायट्रोजनमध्ये काढलेले देखणे आलेख दिसले की मी म्हणूनच पहिल्यांदा आर्द्रतेचा आकडा शोधतो.

पकड घट्ट केली की ओळख सुधारते, पण रेणू सुटत नाही आणि सेन्सर एका हुंगण्यातच भरून जातो. सैल ठेवली तर कोणीही येऊन बसतं. मधला मार्ग काढला तरी प्रत्येक हुंगण्यानंतर कोरडी हवा सोडून खळगे रिकामे होण्याची वाट बघावी लागते. तोवर अडत्या चार क्रेट पुढे गेलेला असतो.