मैदानावरचं राष्ट्रगीत: रूढी युद्धाची, नियम मालकांचा

अमेरिकेत बेसबॉल, बास्केटबॉल किंवा त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा व्यावसायिक सामना असला की आधी राष्ट्रगीत होतंच. आपल्याकडे भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याआधी दोन्ही राष्ट्रगीतं वाजतात, ते समजण्यासारखं आहे. दोन देश समोरासमोर असतात. पण शिकागो आणि बोस्टन या एकाच देशातल्या शहरांचे संघ खेळणार असताना राष्ट्रगीत कशाला, हा प्रश्न तिथे सहसा निघत नाही. तो निघतो एखादा खेळाडू उभा राहिला नाही की मगच. मग ‘ही आपली पूर्वापार परंपरा’ असं ठासून सांगितलं जातं. ही परंपरा नक्की किती जुनी?

एकोणिसाव्या शतकातही बेसबॉलच्या मैदानांवर हे गीत अधूनमधून वाजायचं, पण ते खास प्रसंगी. आजच्या प्रथेचा माग काढताना बहुतेक जण ५ सप्टेंबर १९१८ या दिवसापाशी थांबतात. शिकागोत वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना होता. पहिलं महायुद्ध चालू होतं, खेळाडूही सैन्यात भरती होत होते, आणि आदल्याच दिवशी शहरातल्या सरकारी इमारतीत बॉम्ब फुटून चार माणसं मेली होती. प्रेक्षक जेमतेम एकोणीस हजार, तेही गप्प गप्प. बोस्टनकडून बेब रूथ गोलंदाजी करत होता. सातव्या डावाच्या मध्यंतरात लोक नेहमीप्रमाणे पाय मोकळे करायला उठले आणि लष्करी बँडने ‘स्टार-स्पँगल्ड बॅनर’, म्हणजे अमेरिकेचं आजचं राष्ट्रगीत, सुरू केलं. बोस्टनचा फ्रेड थॉमस नौदलातून रजेवर खेळायला आला होता. तो झेंड्याकडे वळला आणि त्याने कडक सलाम ठोकला. बाकीच्या खेळाडूंनी छातीवर हात ठेवले, लोक गाऊ लागले आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हणजे या प्रथेच्या जन्माच्या वेळी लोक उभे होते ते आळस द्यायला!

मालिका बोस्टनला गेली तेव्हा तिथल्या संघाचा मालक हॅरी फ्रेझी याने हे गीत सामन्याच्या सुरुवातीलाच घेतलं आणि जखमी सैनिकांना फुकट बसवून त्यांच्या स्वागताची जोड दिली. फ्रेझी मूळचा नाटकांचा निर्माता. टाळी कुठे पडते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. (पुढे रूथला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकून बोस्टनकरांच्या शिव्या खाल्ल्या, तो हाच.) गंमत म्हणजे तेव्हा हे गीत कायद्याने राष्ट्रगीत झालेलंच नव्हतं. ते झालं १९३१ मध्ये. मधल्या काळातही बँडचा खर्च परवडत नसल्याने ते सणासुदीलाच वाजायचं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मैदानांवर ध्वनिक्षेपक आले, तबकडी लावली की काम भागू लागलं आणि रोजची प्रथा पडली. १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर व्यावसायिक फुटबॉल लीगचे प्रमुख एल्मर लेडन यांनी बजावलं की, युद्ध संपलं म्हणून हे सोडायचं नाही.

शिष्टाचाराची लेखी संहिता आली १९४२ मध्ये. झेंड्याकडे तोंड करून उभं राहावं, पुरुषांनी टोपी काढावी, असं ती सांगते. पण ती मार्गदर्शन करते, शिक्षा सांगत नाही. पुढच्याच वर्षी, ऐन युद्धात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियातल्या खटल्यात निकाल दिला की, शाळेतल्या मुलांवर झेंड्याला वंदन करण्याची सक्ती सरकारला करता येणार नाही. मुलं ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातली होती. या निकालाचा आपल्याशीही संबंध आहे. केरळात त्याच पंथातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. ती ‘जन गण मन’ला आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावताना या अमेरिकी निकालाचा दाखला घेतला होता.

मग खेळाडूंची पंचाईत का होते? कारण अमेरिकी राज्यघटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य सरकारचे हात बांधतं, खाजगी मालकाचे नाही. संघ मालकाचा, लीग मालकांची. सगळी मेख इथेच आहे, आणि टीव्हीवरच्या आरडाओरड्यात नेमकी हीच गोष्ट हरवते. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये २००८ साली एक प्रेक्षक लघवीला निघाला. तेव्हा राष्ट्रगीतही नव्हतं, ‘गॉड ब्लेस अमेरिका’ हे देशभक्तिपर गाणं चालू होतं. पोलिसांनी त्याला धरून बाहेर काढलं. तो कोर्टात गेला आणि महापालिकेने १०,००१ डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. स्टेडियम शहराच्या मालकीचं आणि हात धरणारे पोलीस, म्हणून त्याला दाद मागता आली. बास्केटबॉलपटू महमूद अब्दुल-रऊफ याला तशी वाट नव्हती. १९९६ मध्ये तो श्रद्धेपोटी उभा राहायला तयार नव्हता आणि झेंडा त्याला जुलमाचं प्रतीक वाटत होता. लीगच्या नियमात ‘उभं राहणं’ लिहिलेलं होतं. त्याला निलंबित केलं, दर सामन्यामागे जवळपास ३१,७०० डॉलर कापले जाणार होते. एका सामन्यानंतर तोडगा निघाला: उभं राहायचं, मान खाली घालून प्रार्थना करायची. कारकीर्द मात्र त्यानंतर उतरणीलाच लागली.

त्याआधी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय धावपटूंनी पदकं घेताना निषेध म्हणून काळे हातमोजे घातलेल्या मुठी उगारल्या होत्या. ते राष्ट्रगीताला उभेच होते, तरी त्यांना घरी पाठवलं. त्याच महिन्यात डेट्रॉइटला बेसबॉलच्या सामन्याआधी होजे फेलिसियानो या अंध गायकाने तेच गीत गिटारवर संथ, स्वतःच्या ढंगात म्हटलं, तर त्यावरही लोक खवळले. थोडक्यात, उभं राहूनही भागत नाही आणि गाऊनही भागत नाही.

फुटबॉलपटू कॉलिन कॅपर्निकचं प्रकरण या पार्श्वभूमीवर बघावं. ऑगस्ट २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ तो राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिला. मग सैन्यातून निवृत्त झालेल्या नेट बॉयर या खेळाडूने त्याला सुचवलं की, बसण्याऐवजी गुडघा टेक, सैनिक शहीद साथीदाराच्या कबरीपाशी टेकतात तसा. अपमान टाळण्यासाठी शोधलेली मुद्रा सर्वांत मोठा अपमान म्हणून गाजली. २०१७ नंतर त्याला एकाही संघाने घेतलं नाही. आणि राष्ट्रगीताला मैदानाच्या कडेला खेळाडूंच्या ज्या रांगेत उभं राहण्यावरून हे रण माजलं, ती रांगही जुनी नव्हती. २००९ पर्यंत रात्रीच्या मोठ्या सामन्यांत खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी मैदानावर नसतच, ड्रेसिंग रूममध्ये असत. २०१५ मध्ये दोन सिनेटरांनी अहवाल काढला, त्यात संरक्षण खात्याने संघांना सैनिकांच्या मानवंदनेसारख्या कार्यक्रमांसाठी ६८ लाख डॉलर मोजल्याचं दिसलं. लोकांना वाटत होतं, संघ हे मनापासून करतात.

२०१८ मध्ये फुटबॉल लीगने ‘मैदानावर असाल तर उभे राहा, नाहीतर आत थांबा’ असा नियम केला आणि दोन महिन्यांत खेळाडूंच्या संघटनेच्या विरोधामुळे गुंडाळून ठेवला. अमेरिकेच्या सॉकर (म्हणजे आपल्याकडचं फुटबॉल) महासंघाने उभं राहण्याची सक्ती २०१७ मध्ये आणली, २०२० मध्ये काढली. बास्केटबॉल लीगचा नियम कागदावर कायम आहे, पण जुलै २०२० मध्ये सगळे संघच गुडघे टेकून बसले तेव्हा लीगच्या आयुक्तांनी तो लावला नाही.

त्यानंतरच्या हंगामात डलासच्या मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांनी गाजावाजा न करता राष्ट्रगीत वाजवणंच बंद केलं. करोनामुळे प्रेक्षक नव्हते, त्यामुळे कित्येक सामने ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये बातमी फुटली, लीगने सगळ्या संघांना फर्मान काढलं आणि त्याच रात्री डलासला राष्ट्रगीत पुन्हा सुरू झालं.