पाडव्याला आईला घरी नेताय? मग पिवळी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरा

होळीची राख थंड होते न होते, तोच आमच्या वृद्धनिवासाच्या ऑफिसातला फोन वाजू लागतो. "पाडव्याला बाबांना दोन दिवस घरी न्यायचंय, चालेल ना?" चालेल कसलं, न्यायलाच हवं. माणसं तुमची आहेत. घरी न्यायला आमची परवानगी लागत नाही, फक्त रजेची पिवळी चिठ्ठी लागते. तिची एक बाजू जाताना आम्ही भरतो, दुसरी परत येताना तुम्ही भरायची. आमची बाजू भरलेली असते. तुमची बहुतेक वेळा कोरी येते.

हे पत्रक त्या कोऱ्या बाजूसाठी छापलंय. पण इतके पैसे घालून छापतोच आहोत, तर सध्या इथे काय चाललंय तेही सांगतो. "आई दिवसभर करते काय?" हा फोनवरचा दुसरा नेहमीचा प्रश्न.

चैत्रातली आमच्याकडची धांदल

आपण तळेगावच्या बाजूला असल्यामुळे पहाटे अजून पांघरूण लागतं आणि दुपारी पंखा पुरत नाही. म्हणून फिरण्याची वेळ सकाळी 6 ते 7.30 केली आहे. दहानंतर बाहेर निघालेल्यांना आम्ही अडवत नाही. टोपी शोधून देतो, पाण्याची बाटली भरून देतो, काठी कुठे राहिली ते बघतो. एवढ्यात अर्धा तास जातो आणि बेत आपोआप बदलतो. कुंपणाजवळचा पांगारा फुलून गेला. बहावा अजून यायचाय, त्याच्या तारखेवर दोन काकांची पैज लागली आहे. तांबट पक्षी दिवसभर टुकटुक करतो. पहिल्या मजल्यावरच्या एका काकूंनी "तो पंप बंद करा" अशी लेखी तक्रार दिली होती. तक्रार निकाली काढता आलेली नाही.

(काका-काकू हे मुद्दाम लिहिलंय. आमच्याकडे कोणालाही आजी-आजोबा म्हणायचं नाही, असा कर्मचाऱ्यांना नियम आहे. ते त्यांच्या नातवंडांसाठी राखीव.)

खरी गर्दी गच्चीवर असते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालायच्या. जड काम स्वयंपाकघरातल्या मावशी करतात, हुकूम मात्र काकूंचे. खानदेशातल्या एका काकूंना ज्वारीचे बिबडे हवेत, कोकणातल्या काकूंना फणसाचे साठ सोडून काहीच मंजूर नाही, आणि कोल्हापूरच्या काकू दोघींनाही तिखट कमी पडल्याचं सांगतात. एरवी खांदा दुखतो म्हणून व्यायाम चुकवणाऱ्या मंडळींनी पापडाच्या लाट्या दीड दीड तास लाटल्या. फिजिओथेरपिस्ट ताईंनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी व्यायामाची वेळ तिथेच नेली.

वाळवणाची पाकिटं ऑफिसात मिळतात. पैसे सगळ्यांच्या सहलीच्या डब्यात जातात. मीठ आणि पापडखार असल्यामुळे रक्तदाबाच्या आणि किडनीच्या मंडळींना पापड मोजूनच मिळतो. तेव्हा चोरून खोलीत पाकीट ठेवून जाऊ नका. आम्हाला सापडतं.

चैत्रगौर चैत्र शुद्ध तृतीयेला बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. दर शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजता हॉलमध्ये हळदीकुंकू असतं. दारात चैत्रांगण काढायचं काम काकूंचं, रांगोळीची चिमूट धरताना हात थरथरला तरी चालतो. भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ, पन्हं. पन्ह्याचे दोन माठ असतात, एक गुळाचा आणि एक नुसत्या जिऱ्या-मिठाचा. बोलावणं सगळ्या बायकांना असतं. कुंकू लावायचं की नाही ते जिचं तिने ठरवावं, डाळ सगळ्यांना. लेकी-सुनांनी जरूर यावं, फक्त आदल्या दिवशी किती जणी ते कळवा. कैरी किसायला वेळ लागतो.

रामनवमीला दुपारी बाराला पाळणा आणि सुंठवडा, हनुमान जयंतीला सूर्योदयाला. वेगळं सांगायला नको.

आता चिठ्ठी

घरी जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर आम्ही सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा देतो. जितके दिवस, तितके कप्पे भरलेले. चिठ्ठीवर प्रत्येक गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, आणि 1-0-1 अशा पद्धतीने सकाळ-दुपार-रात्र लिहिलेलं असतं. थायरॉईडची उपाशीपोटी, बाकीच्या नाश्त्यानंतर. इतकं सगळं असताना गडबड होते कुठे? गाडीत.

सगळ्यात जास्त वेळा होतं ते असं. हृदयाच्या किंवा सुजेच्या त्रासासाठी अनेकांना सकाळी लघवीची गोळी असते. ती घेतल्यावर पुढचे काही तास बाथरूम जवळ लागतं. निघायचं असतं सकाळी, एक्स्प्रेसवेवर फूडमॉलशिवाय थांबता येत नाही, घाटात गर्दी असली की तासभर कुठेच नाही. मग लेक प्रेमाने म्हणते, "आज राहू दे ती गोळी, वाटेत तुझे हाल होतील." इथवर समजण्यासारखं आहे. पण रात्री जेवताना कोणाला तरी आठवतं, "अरे, सकाळची राहिली ना?" आणि ती दिली जाते. मग रात्रभर उठणं. घर अनोळखी झालेलं, पलंगाची उंची वेगळी, बाथरूमच्या दारात उंबरा, दिवा बंद.

आमच्या एक काकू अशाच पडल्या. नशिबाने हाड शाबूत राहिलं. परत सोडताना आम्हाला सांगितलं गेलं, "सगळं मस्त झालं, पुरणपोळ्या खाल्ल्या." दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी मावशींना कमरेवरचा काळानिळा डाग दिसला. काकूंनी मुलीला शब्द दिला होता की सांगणार नाही. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असलेल्या माणसाला पडल्यावर लपवून ठेवणं किती महागात पडू शकतं, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कोणाला दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी किती वाजता द्यायची, हे निघण्यापूर्वी विचारलंत तर आमचे भेटीला येणारे डॉक्टर ठरवून देतात. विचारायला दोन मिनिटं लागतात. राहिलेली गोळी पुढच्या गोळीबरोबर दुप्पट करून मात्र कधीच द्यायची नाही.

दुसरी गडबड नावांची. एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. घरी गेल्यावर गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांना सहज दाखवलं जातं, ते प्रेशर बघून एक गोळी लिहून देतात, तिचं नाव नवं. पण पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली तर आत तीच टेल्मिसार्टन, जी आमच्या डब्यात आधीच आहे. दोन्ही चालू राहिल्या तर प्रेशर फार खाली जातं. उन्हाळ्यात ते तसंही थोडं उतरतं, घाम जातो, आणि वय वाढलं की तहान कमी लागते, त्यामुळे पाणी मागितलंच जात नाही. मग पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी. "आईला ऊन बाधलं" असं आपण म्हणतो.

म्हणून चिठ्ठीच्या तुमच्या बाजूला चारच गोष्टी विचारल्या आहेत. कोणती गोळी राहिली किंवा उशिरा दिली. कोणती नवी सुरू झाली, तिच्या पाकिटासकट. पडणं, उलटी, जुलाब, ताप, चक्कर यातलं काही झालं का. आणि शेवटचं जेवण व शेवटची गोळी किती वाजता. काहीच झालं नसेल तर "काही नाही" असं लिहून सही करा. कोरी जागा आणि "काही नाही" यांत आमच्या सिस्टरसाठी एका संध्याकाळचा फरक आहे.

तो फरकही सांगतो, म्हणजे आमची कटकट कटकट वाटणार नाही. चिठ्ठी कोरी आली की सिस्टर पिशवी उघडते, प्रत्येक पाकिटातल्या गोळ्या मोजते, डब्याशी ताडून पाहते. मग तुम्हाला फोन करते. तुम्ही तेव्हा परतीच्या वाटेवर घाटात असता, रेंज नसते. मग डॉक्टरांना फोन. या सगळ्यात बाकीच्या खोल्यांतल्या रात्रीच्या गोळ्या थांबतात. एका घरची कोरी चिठ्ठी म्हणजे एका मजल्याचा उशीर.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला कागदाचा फोटो चालेल का? चालेल, पण पूर्ण कागदाचा. आमच्याकडे येतात ते फोटो असे: वर तारीख कापलेली, खाली डोस कापलेला, मध्ये अंगठा.

काहीजण रागावतात. "आमच्याच आईच्या औषधांचा हिशेब तुम्हाला द्यायचा?" राग आम्ही समजू शकतो. पण रात्री अडीच वाजता तिला घाम फुटला तर खोलीत आधी पोहोचणार आमची सिस्टर, आणि डॉक्टर फोनवर पहिला प्रश्न विचारणार, "शेवटचं काय दिलं होतं?" त्या वेळी तुम्हाला झोपेतून उठवून विचारण्यापेक्षा कागद बरा. परत सोडण्याची वेळ संध्याकाळी 5 च्या आत ठेवली आहे तीही यासाठीच. डबा भरून देणारी सिस्टर 8 पर्यंत असते, तिच्याच हातात परत द्यावा.

इन्सुलिनचं वेगळं. ते थर्मासच्या पिशवीतून देतो. बर्फाला थेट टेकवायचं नाही, गोठलं की वाया गेलं. आणि चैत्राच्या उन्हात बंद गाडीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात विसरायचं नाही. घरी पोहोचल्यावर पिशवी आधी गाडीतून काढा, बॅगा नंतर.

आंब्याबद्दल

पेटी आणा, आनंदाने आणा. पण खोलीत न ठेवता स्वयंपाकघरात नाव लिहून द्या. आढी आम्ही लावतो, पिकेल तसा जेवणात येतो. साखरेच्या मंडळींना हापूस बंद नाही. एका वेळी अर्धा, पोळीच्या हिशेबातून वजा करून, आणि जेवणानंतर पुन्हा रसाची वाटी नाही. बंद केला की चोरून खातात, हा आमचा अनुभव. मोजून दिला की तक्रार करत करत तेवढाच खातात.

मे महिन्यात तुम्ही बाहेरगावी जात असाल तर

ज्यांचे आई-वडील अजून घरीच आहेत, त्यांच्यासाठी हे. उन्हाळ्याच्या सुट्टीत थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी आम्ही काही खोल्या राखून ठेवतो. कमीत कमी 7 दिवस, नोंदणीची वेगळी रक्कम नाही, जेवण-औषधं-फिरणं इथल्या इतरांसारखंच. तुम्ही परत आलात की पिवळी चिठ्ठी आम्ही तुमच्या हातात देऊ, आमची बाजू भरून. मागच्या उन्हाळ्यात असेच आठ दिवसांसाठी आलेले एक काका बहाव्याच्या पैजेत सामील झाले होते. ते हरले, पण या वर्षी पुन्हा खोली मागितली आहे.

या खोल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत भरतात. बघायला यायचं तर सकाळी 9 ते 11 किंवा संध्याकाळी 5 नंतर या. दुपारी 1 ते 4 सगळे झोपलेले असतात आणि फाटकावरचे दादाही पेंगत असतात.

कोऱ्या चिठ्ठ्या फाटकाजवळच्या टेबलावर, पाण्याच्या माठाशेजारी ठेवल्या आहेत. पेन दोरीने बांधलेलं आहे. आधीची तीन तुमच्यापैकीच कोणाच्या तरी खिशातून घरी गेली.