गटारीनंतरची तिसरी रात्र

आमच्या धनकवडीच्या बिल्डिंगमध्ये एक काका होते, रोज संध्याकाळी क्वार्टर ठरलेली, रविवारी त्याच्यावर अजून थोडी, पण श्रावण मात्र कडक पाळायचे. "महिनाभर हात लावत नाही, मग मी बेवडा कसा?" हे त्यांचं नेहमीचं. एका वर्षी गटारी जोरात झाली आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद. काकू खूश. तिसऱ्या रात्री काका अंगावरच्या मुंग्या झटकत बसलेले, आणि मुंग्या नव्हत्याच. घाम, थरथर, काकूंनाच ओळखेनात. शेजारच्या आजी म्हणाल्या अमावस्येचं काहीतरी लागलंय, लिंबू उतरवा. उतरवलं पण! नशीब, मुलाने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर ह्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं आणि ग्लुटामेट अ‍ॅक्सिलरेटरचं. दारू ब्रेक दाबते, ग्लुटामेटला आवरते, म्हणून प्यायल्यावर निवांत वाटतं. पण वर्षानुवर्षं रोज ब्रेक दाबलेलाच असला की मेंदू पण जुळवून घेतो, स्वतःचे ब्रेक ढिले करतो आणि अ‍ॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो, म्हणजे गाडी कशीबशी नेहमीच्या स्पीडला चालते. आता अशी गाडी कात्रजच्या उताराला आहे आणि तुम्ही ब्रेकवरचा पाय एकदम काढला, म्हणजे दारू एका दिवसात बंद केली. काय होणार?

शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात (सकाळी एक पेग मारला की हात स्थिर होतो म्हणतात ते हेच), फिट आली तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत, आणि भास, बडबड, ताप वगैरे साधारण दोन ते चार दिवसांनी. सगळ्यांना एवढं होत नाही, पण ज्याला होतं त्याच्या जिवावर बेतू शकतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्चअखेर दारूची दुकानं बंद झाली तेव्हा बेंगळुरूच्या डॉक्टरांकडे असे पेशंट एकदम वाढले होते, म्हणजे सक्तीचा श्रावणच की तो.

दवाखान्यात त्याच गाबावर काम करणारी औषधं देतात आणि काही दिवसांत हळूहळू कमी करत आणतात. सोबत बी-१ व्हिटॅमिन, कारण पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी असतं आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून "डॉक्टर, एक ग्लुकोजची सलाईन लावा, बरा होईल" हा आपला लाडका हट्ट इथे नको.

भिंतींवर "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती दिसतात त्यांचा तर मला रागच येतो. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा उपयोग लक्षात आला. ते घेऊन दारू प्यायली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं, चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड. पेशंटला माहीत असेल तर तो घाबरून पीत नाही, भाजीत गुपचूप घातलं तर बिचारा पितो आणि हार्टवर येतं.

आपल्याकडे येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पुलंनी मदत केली होती. तरी लोक आधी लिंबू उतरवतात, कारण व्यसनमुक्तीला नेलं की सोसायटीत बोभाटा, आणि श्रावण पाळला की उलट कौतुक.

काका घरी आल्यावर चार महिने नीट होते, मग परत क्वार्टर. पण पुढच्या वर्षी गटारीच्या पंधरा दिवस आधीच काकूंनी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती.