हायड्रोजेल आणि हायड्रोकोलॉइड: आधी पाण्याची दिशा बघा

हायड्रोजेल आणि हायड्रोकोलॉइड या जखमेवर लावायच्या दोन्ही पट्ट्यांना सरसकट ‘जेलची पट्टी’ म्हणून मोकळं व्हायची सवय फार वाढली आहे. पट्टी विकणारे तेच म्हणतात आणि आता ड्रेसिंगबद्दल लिहिणारेही.

हायड्रोकोलॉइड तुम्ही पाहिलेलं आहे. नव्या चपलेने टाचेला फोड आला की लावतात ती, किंवा मुरमांवरची छोटी गोल टिकली. रबरासारख्या चिकट पदार्थात कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, पेक्टिन, जिलेटिन यांची पूड, वर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ पडदा. काढताना आत दिसणारा पिवळसर, वासाचा लगदा म्हणजे पू नव्हे, स्राव पिऊन फुगलेली पूड आहे. आजूबाजूची त्वचा लाल, गरम, ठणकणारी असेल तर मात्र डॉक्टर गाठा.

म्हणजे हायड्रोकोलॉइड लावताना कोरडं असतं आणि जखमेकडून पाणी घेतं. हायड्रोजेल पाण्याने भरलेलंच येतं, बहुतेकदा वजनाच्या ७० ते ९० टक्के, आणि ते जखमेला पाणी देतं. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांवर दाखवलं की ओलसर राखलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने धरते. दोन्ही पट्ट्या त्याच तत्त्वावर चालतात, पण एक आहे तो ओलावा राखते आणि दुसरी नसलेला आणते. म्हणून कोरडी, खपली धरलेली किंवा थोडी भाजलेली जागा असेल तर हायड्रोजेल. भरपूर वाहणाऱ्या जखमेवर ते लावलं तर कडेची त्वचा पांढरी पडून भिजते. किंमत, जाडी, पारदर्शकपणा यांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरी गोची चिकटण्यात आहे. हायड्रोकोलॉइड चिकटतं ते त्यातल्या रबरी भागामुळे. हायड्रोजेलमध्ये तसं काही नसतं, आणि पृष्ठभागावरच्या पाण्याच्या थरामुळे जेल ज्यांचं बनतं त्या पॉलिमरच्या लांब साखळ्यांना त्वचेला नीट भिडता येत नाही. साधं हायड्रोजेल जखमेला धरत नाही, हा त्याचा गुणच: ड्रेसिंग बदलताना नवी त्वचा सोलली जात नाही. फक्त ते जागेवर राहायला वरून दुसरी पट्टी लागते.

ती वरची पट्टी टाळायची म्हणून हायड्रोजेललाच चिकट बनवायला घेतलं की दोन ताकदी एकमेकींशी भांडतात: त्वचेला धरण्याची आणि स्वतःला धरून ठेवण्याची. साखळ्यांमधले दुवे कमी ठेवले तर जेल मऊ होतं, त्वचेच्या बारीक रेषांत शिरतं, चांगलं चिकटतं, पण काढताना अर्धं अंगावरच राहतं. दुवे वाढवले तर सोलून स्वच्छ निघतं, पण घाम आला की कोपरे उचलतात. ईसीजीच्या इलेक्ट्रोडखालचं जेल या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसवलेलं असतं. ते लवकर सुकू नये म्हणून त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन घालतात.

इथे माझी जुनी चीड. २०१७ साली हार्वर्डच्या गटाने शंख नसलेल्या गोगलगाईच्या चिकट स्रावावरून सुचलेलं हायड्रोजेल दाखवलं, जे रक्ताने ओल्या पृष्ठभागालाही घट्ट धरतं. २०१९ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या गटाची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आली. ती मधलं पाणी शोषून ओल्या ऊतींना काही सेकंदांत चिकटते. कामं अव्वल आहेत, पण शरीराच्या आतल्या ओल्या ऊतींसाठी. त्यांच्या जोराचे आकडे घेऊन ‘त्वचेसाठी सौम्य’ पट्टीची जाहिरात करणं मला पटत नाही. ऐंशीच्या आजीच्या कागदासारख्या कातडीवर पट्टीची पकड कातडीच्या थरांच्या आपसातल्या पकडीपेक्षा जास्त झाली, तर कातडीच निघून येईल. त्वचेवरच्या चिकट जेलची परीक्षा ते घट्ट किती यात नाही. सोलायला जोर किती लागतो, मागे काय उरतं आणि तीच जागा पुन्हा पुन्हा सोलली तर त्वचा टिकते का, हे बघावं.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं हायड्रोजेल मला आवडतं. त्यात साखळ्या किरणांनी जोडतात आणि त्याच किरणांनी ते निर्जंतुकही होतं. दुवे बांधायला वेगळं रसायन लागत नाही, त्यामुळे त्याचा उरलेला अंश जखमेत जाण्याचा प्रश्न नाही.

मधुमेहींच्या पायाच्या जखमेवर किंवा पू धरलेल्या जागी यांतलं काहीही स्वतःच्या मनाने लावू नका, जखम हवाबंद झाकणारं हायड्रोकोलॉइड तर नाहीच. आणि हायड्रोकोलॉइड काढताना वर ओढू नका. एक कोपरा सोडवून त्वचेला समांतर ताणा, म्हणजे ते आपोआप सुटतं.