‘शव्हल नाइट’च्या संगीतामागची जपानी चिप

‘शव्हल नाइट’ हा प्लॅटफॉर्म गेम २६ जून २०१४ रोजी आला. वेफॉरवर्ड ही कंपनी सोडलेल्या काही जणांनी स्थापन केलेल्या यॉट क्लब गेम्सने त्यासाठी २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ७५ हजार डॉलर मागितले होते आणि जमले तीन लाखांहून अधिक. या गेमची ओळख सहसा ‘निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस या गेम-संचाची आठवण’ अशी करून दिली जाते, पण संगीताच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे.

एनईएस आणि त्याचे मूळ जपानी रूप असलेला १९८३ चा फॅमिकॉम यांच्या ध्वनियंत्रणेत पाचच चॅनल, म्हणजे आवाजाचे स्वतंत्र मार्ग, होते : ठरावीक आकाराच्या ध्वनिलहरींचे दोन पल्स आणि एक ट्रँगल, खरखरीसाठी एक नॉइज आणि ध्वनिमुद्रित नमुन्यांसाठी एक. (आपल्याकडे नव्वदच्या दशकात नकली संचांवर ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळलेल्यांच्या कानांतही हाच आवाज बसलेला आहे.) एका चॅनलवर एका वेळी एकच सूर निघत असल्याने संगीतकार कॉर्डमधले (एकत्र वाजवायच्या सुरांच्या गटातले) तीन सूर इतक्या वेगाने आळीपाळीने वाजवत, की ते थरथरत एकत्र ऐकू येत.

फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला, म्हणजे गेमच्या कॅसेटला, मात्र स्वतःचा आवाज यंत्राच्या आवाजात मिसळण्याची सोय होती. कोनामी या गेम कंपनीने तिचा फायदा घेऊन व्हीआरसी६ नावाची चिप बनवली, जिच्यामुळे आणखी दोन पल्स आणि एक सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारख्या लहरीचा) चॅनल मिळाले; १९८९ च्या ‘अकुमाजो देन्सेत्सु’मध्ये ती वापरली गेली. अमेरिकेतल्या एनईएसच्या कार्ट्रिज-खाचेत ही सोय नसल्यामुळे तोच गेम तिथे ‘कॅसलव्हेनिया ३’ म्हणून गेला, तेव्हा त्याचे संगीत पाच चॅनलांत बसवावे लागले.

जेक कॉफमन यांनी ‘शव्हल नाइट’चे संगीत फॅमिट्रॅकर या सॉफ्टवेअरमध्ये रचताना याच व्हीआरसी६ची मर्यादा स्वीकारली. म्हणजे अमेरिकी खेळाडू ज्याला आपल्या बालपणीचा आवाज समजतो, तो त्याच्या यंत्रातून कधी निघालाच नव्हता. चित्रांत तर निर्मात्यांनी रुंद पडदा, जादा रंग आणि एकामागे एक सरकणारे पार्श्वभूमीचे थर अशा सवलती उघडपणे घेतल्या. त्या मानाने संगीत जुन्या यंत्राशी पुष्कळच प्रामाणिक राहिले, असे माझे मत आहे. यातल्या दोन रचना १९८७ च्या ‘मेगा मॅन’च्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांच्या आहेत आणि कॉफमन यांच्या चालींशेजारी त्या जराही उपऱ्या वाटत नाहीत.