मुलींचे शालेय रग्बी (पुणे)

पुणे शहर व जिल्ह्यातील माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील मुलींच्या संघांमध्ये खेळले जाणारे रग्बी, तसेच त्याच्या स्पर्धा. एका बाजूस पंधरा खेळाडू असलेला रग्बीचा मूळ प्रकार शालेय स्तरावर येथे जवळपास दिसतच नाही. खेळला जातो तो ‘सेव्हन्स’, म्हणजे सात-सात जणींचा. एका शाळेत पंधरा मुली तयार करणे आणि त्यांना तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळणे या दोन्ही गोष्टी कठीण असल्याने हे सोयीचे ठरले. त्यात २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून सेव्हन्स हाच स्त्री-पुरुष दोघांसाठी ऑलिंपिक प्रकार झाला. त्यामुळे राज्याचे क्रीडा खाते, राष्ट्रीय संघटना आणि शाळा यांचे लक्ष आपोआप इकडेच वळले.

पूर्वपीठिका

भारतात रग्बीचा पहिला नोंदलेला सामना १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात झाला. तिथला इंग्रजांचा क्लब काही वर्षांतच बंद पडला. त्याच्या खात्यातले चांदीचे रुपये वितळवून करंडक घडवला गेला, आणि इंग्लंड-स्कॉटलंड यांच्यात १८७९ पासून खेळला जाणारा ‘कलकत्ता कप’ तो हाच. महाराष्ट्रात हा खेळ दीर्घकाळ मुंबईच्या जिमखान्यात आणि लष्करी छावण्यांत राहिला. तो पुरुषांचा होता आणि मराठी शाळांशी त्याचा संबंध नव्हता. पुण्याच्या शाळांची स्वतःची क्रीडापरंपरा वेगळी आहे. खो-खोचे नियम १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने बांधले. तेव्हापासून खो-खो आणि पुढे कबड्डी हे इथल्या मुलींचे खेळ झाले. रग्बी त्यांच्या शेजारी फार उशिरा येऊन बसले.

भारतीय महिला संघ २००९ पासून आंतरराष्ट्रीय सेव्हन्स खेळू लागला. ऑक्टोबर २०१२ मध्ये आशियाई महिला सेव्हन्स स्पर्धा पुण्यात झाली. २०१३ च्या मॉस्को विश्वचषकाची पात्रता फेरी तीच होती. जून २०१८ मध्ये भारताच्या मुली सिंगापूरला पंधरा जणींचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या, तेव्हा कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरूचा. नेहा परदेशी ही त्याच संघातली दुसरी पुणेकर. पुढच्याच वर्षी मनिला येथे सिंगापूरला २१-१९ असे हरवून भारताने या प्रकारातला पहिला विजय मिळवला. म्हणजे देशाच्या महिला रग्बीच्या पहिल्या पिढीत पुणे ठळकपणे होते. त्यानंतर मात्र पुढाकार ओडिशा आणि बिहारकडे गेला. २०२२ च्या गुजरात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांचे सुवर्ण ओडिशाने जिंकले. आशियाई २० वर्षांखालील सेव्हन्स स्पर्धा २०२५ मध्ये भारतात आली तीही बिहारमधल्या राजगीरला, आणि तिथे भारताच्या मुलींनी कांस्यपदक मिळवले. ओडिशाच्या यशामागे भुवनेश्वरच्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेचा वाटा मोठा आहे. खेळाडू, प्रशिक्षक, जेवण आणि मैदान एकाच आवारात असले की रोज सराव होतो. पुण्यात या चारही गोष्टी आहेत, पण चार ठिकाणी.

खेळाचे स्वरूप

सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, त्याचे पाच गुण. त्यानंतर ड्रॉप किकने, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेल्या लाथेने, तो गोलखांबांमधल्या आडव्या दांडीवरून गेला तर आणखी दोन. प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या पेनल्टी किकचे तीन गुण असतात, पण सेव्हन्समध्ये तीन गुणांसाठी चेंडू सोडून देणारा संघ विरळा. पास फक्त बाजूला किंवा मागे द्यायचा, पुढे नाही. बास्केटबॉल किंवा हँडबॉल खेळून आलेल्या मुलींना हे अंगवळणी पडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांतल्या मुली वाकून, खांदे भिडवून चेंडूसाठी रेटा देतात तेव्हा, प्रत्येकी तिघी असतात. पिवळे कार्ड मिळाले तर दोन मिनिटे बाहेर. चौदा मिनिटांच्या खेळात सहा जणींनी दोन मिनिटे काढणे म्हणजे बहुधा एक ट्राय गमावणेच.

मैदान मात्र पूर्ण आकाराचेच, सुमारे १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. एवढ्या जागेत सात जणी बचावाला उभ्या असल्या की मध्ये भरपूर फट राहते. म्हणून इथे वजनापेक्षा वेग आणि दिशा बदलण्याची क्षमता जास्त मोलाची. हडकुळी, चपळ मुलगी सेव्हन्समध्ये सहज खपून जाते. रग्बी म्हणजे धिप्पाड मुलींचा खेळ, हा पालकसभेत ऐकू येणारा समज सामना एकदा पाहिला की टिकत नाही.

स्पर्धेची रचना

शालेय स्पर्धांची उतरंड राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाने ठरवलेली आहे. संचालनालयाचे मुख्यालय बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातच आहे. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग भारतीय शालेय खेळ महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा अशा पायऱ्या, आणि १४, १७ व १९ वर्षांखालील असे वयोगट. पुणे जिल्ह्याचे यात तीन भाग पडतात : पुणे महानगरपालिका, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आणि पुणे ग्रामीण. विभागात पुण्याबरोबर अहिल्यानगर आणि सोलापूर येतात. राज्यात असे आठ विभाग आहेत. स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे वरच्या पायऱ्या गाठतात. संघ उतरवायचा तर ऑनलाइन प्रवेशिका, बोनाफाईड आणि जन्मतारखेचा पुरावा लागतो, आणि मुलींच्या संघाबरोबर एखादी शिक्षिका. ही शेवटची अट कागदावर छोटी दिसते, पण घटक चाचणीच्या आठवड्यात मुख्याध्यापकांकडून एक शिक्षिका मोकळी करून घेणे हे क्रीडाशिक्षकाचे अर्धे काम असते.

या रचनेचा खरा दोष बाद पद्धतीत आहे. जो संघ पहिल्याच सामन्यात हरतो, त्याचे त्या वर्षाचे स्पर्धात्मक रग्बी चौदा मिनिटांत संपते. जिथे संघ कमी, तिथे बाय (न खेळताच पुढची फेरी) मिळून एखादी शाळा एक सामना जिंकून थेट विभागाला जाते आणि तिथे मुरलेल्या संघापुढे तिची दाणादाण उडते. कबड्डीत हे चालून जाते, कारण कबड्डीच्या मुली वर्षभर मंडळांच्या मॅटवर आणि गावोगावच्या स्पर्धांत खेळतच असतात. रग्बीला असे मंडळांचे पाठबळ नाही. दोन-तीन क्लब आणि काही उत्साही प्रशिक्षक यांच्यापलीकडे वर्षभराचा सामना कुठे मिळत नाही.

उपाय खर्चिक नाही. चार शाळा एका रविवारी एकत्र आल्या आणि प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळायचे ठरवले तर सहा सामने होतात. एका सामन्याला वीस मिनिटे धरली तर दोन तासांत सगळे उरकते, आणि हरणाऱ्या संघालाही तीन सामने मिळतात. न्यूझीलंडमध्ये शाळाशाळांच्या साप्ताहिक सामन्यांवरच खेळ उभा आहे. निवड चाचणी आणि करंडक हे त्यावरचे मजले. पुण्यात करंडक आधी आणि सामने नंतर असा उलटा क्रम पडला आहे.

खेळाडू कुठून येतात

रग्बीच हवे म्हणून पहिलीपासून खेळत आलेली मुलगी पुण्यात दुर्मीळ. बहुतेक जणी सातवी-आठवीत दुसऱ्या खेळातून येतात. खो-खोतून आलेली मुलगी बगल देण्यात तरबेज असते. खांब गाठताना हुलकावणी द्यायची सवय तिच्या पायांत असते, आणि बाजूला फट दिसली की ती विचार न करता घुसते. धावण्याच्या शर्यतीतून आलेलीला टोकाच्या जागेवर उभे करतात आणि चेंडू तिच्यापर्यंत पोहोचावा एवढीच अपेक्षा ठेवतात.

कबड्डीतून आलेल्या मुलीबाबत प्रशिक्षकांना आनंद आणि काळजी दोन्ही वाटते. अंगाला अंग भिडवण्याची भीती तिला नसते, आणि नवख्या खेळाडूच्या बाबतीत ही भीती घालवण्यातच पहिले महिने जातात. मांडी पकडणे तिला येते आणि रग्बीत ते तसेच्या तसे चालते. पण कबड्डीतला ‘डॅश’, म्हणजे हातांची पकड न घालता खांद्याने धडक देऊन चढाईपटूला बाहेर काढणे, रग्बीत फाउल आहे. चेंडू घेऊन धावणारीला पकडून खाली पाडणे म्हणजे ‘टॅकल’, आणि तो करताना हात गुंडाळलेच पाहिजेत. दुसरे, पकडून ठेवणे. चढाईपटूला मध्यरेषेपर्यंत जाऊ द्यायचे नाही म्हणून कबड्डीत शेवटपर्यंत सोडत नाहीत. रग्बीत खेळाडू जमिनीवर पडली की टॅकल करणाऱ्या मुलीने तिला तत्काळ सोडायचे, उठायचे आणि मगच चेंडूला हात घालायचा. शिट्टी वाजेपर्यंत न सोडणाऱ्या कबड्डीपटूंमुळे शालेय सामन्यांत पेनल्ट्यांची रांग लागते. हा दोष चुकीच्या शिकवणुकीचा नाही, उलट पक्क्या शिकवणुकीचा आहे, म्हणूनच तो जायला वेळ लागतो.

मैदान

बातम्यांत मुलींच्या धाडसाचे कौतुक फार होते, मैदानाचा उल्लेख क्वचित. पुण्यात अडते ते तिथेच. पेठांमधल्या शाळांना इमारतीमागच्या पटांगणापलीकडे जागा नाही. उपनगरांतल्या शाळांना जागा आहे, पण ती बहुधा मुरुमाची. मुरुमावर खो-खो होतो, कबड्डीही एके काळी होत असे. टॅकल मात्र होत नाही. एकदा पडले की कोपर आणि गुडघा सोलून निघतो आणि दुसऱ्या दिवशी मुलगी सरावाला येत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान मऊ होते म्हणून तो काळ चांगला, पण आठवडाभर झड लागली तर चिखलात चेंडूच हातात राहत नाही. गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली झालेले ‘टर्फ’ पाच-पाच जणांच्या फुटबॉलपुरते असतात, तासावर भाडे घेतात, आणि चारही बाजूंनी जाळी असल्याने तिथे पूर्ण वेगात टोकाने धावणे धोक्याचे. पास आणि टॅकलच्या कवायतीला ते ठीक.

बालेवाडीला सुविधा आहेत. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बांधलेल्या या संकुलात २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या (त्यात रग्बी नव्हते, ही गंमत). पण हडपसर किंवा कात्रजच्या मुलीला शाळा सुटल्यावर शहर ओलांडून तिथे जाणे आणि अंधार पडल्यावर परतणे रोज शक्य नाही. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सराव ‘टॅग रग्बी’ने सुरू होतो : कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढली की टॅकल झाला असे मानायचे. जमीन कशीही असली तरी चालते, मुले-मुली एकत्र खेळू शकतात आणि साहित्यात चेंडू, फिती व चार शंकू एवढेच लागते. याचा अतिरेकही होतो. दोन वर्षे फक्त टॅग खेळलेली मुलगी जिल्हा स्पर्धेत पहिल्यांदा खरा टॅकल पाहते, तेव्हा तिचे काय होईल हे सांगायला नको.

सुरक्षितता आणि घरचा होकार

खांद्याच्या रेषेवरचा टॅकल नियमबाह्य आहे आणि शालेय सामन्यात पंचांनी त्याबाबत जराही हयगय करू नये असे अपेक्षित असते. टॅकल शिकवताना पहिला धडा डोक्याचा : टॅकल करणारीचे डोके समोरच्या मुलीच्या शरीराच्या मागच्या बाजूला राहावे, धावण्याच्या वाटेत कधीही नाही. गुडघ्यावर बसून, मग चालत, मग धावत असा क्रम असतो. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी मुलीला बाहेर काढायचे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवायचे नाही. हा जागतिक नियम आहे. आठ जणींचाच संघ घेऊन आलेल्या शाळेला तो जड जातो, आणि मोडला जाण्याची भीती नेमकी तिथेच असते. माउथगार्ड वापरावाच, औषधाच्या दुकानात मिळणारा गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा साधा प्रकारही चालतो.

पालकांची हरकत दुखापतीइतकीच कपड्यांवर असते. नियमांत मुलींना शॉर्ट्सखाली लांब टाइट्स घालायला आणि डोक्याला रुमाल बांधायला मुभा आहे. ही माहिती पहिल्याच पालकसभेत सांगितली तर अर्धा वाद मिटतो. चेहऱ्यावर व्रण राहील, लग्नाला अडचण येईल, हेही ऐकावे लागते. त्यावर प्रशिक्षक सहसा वाद घालत नाहीत. ते आईला सरावाला बोलावतात.

दहावी आणि पुढे

गळती सर्वांत जास्त नववी संपताना होते. क्लासची वेळ आणि सरावाची वेळ एकच असल्याने सतरा वर्षांखालील संघाची निम्मी फळी दहावीला दिसेनाशी होते. राज्य मंडळाच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांतले ५ टक्के क्रीडा आरक्षण यांचा हवाला देऊन काही जणींना थांबवता येते, पण त्यासाठी वरच्या स्तरावरची कामगिरी लागते आणि ती सगळ्यांच्या हाती नसते. अकरावीत महाविद्यालय बदलते, जुना संघ फुटतो. नव्या ठिकाणी रग्बी नसले तर मुलगी कबड्डीकडे परत जाते किंवा खेळच सोडते. बारावीनंतर आंतरविद्यापीठ स्पर्धेचा मार्ग असतो. २०२५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रग्बीच्या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम केवळ पुरुषांचा होता, त्यामुळे अर्थार्जनाचे दार मुलींना तेव्हा तिथून उघडले नाही.

खेळणे थांबवलेल्या मुलींपैकी काही पंच होतात. सेव्हन्सच्या एका मैदानाला एक पंच आणि दोन रेषापंच पुरतात, आणि जिल्हा स्तरावर प्रशिक्षित पंचांची टंचाई कायमची असल्याने विशी न गाठलेली मुलगीही शिट्टी घेऊन उभी असलेली दिसते. तिच्या निर्णयावर बाहेरून आरडाओरडा करणारे बहुतेक वेळा शाळांचे प्रशिक्षकच असतात.