मिसेसचे अमेरिकन शेअर्स विकून फ्लॅट घेताय? बुकिंगआधी हे वाचा

पुण्यात आयटीवाल्या घरांत हल्ली हे फार बघतो, बायकोला अमेरिकन कंपनीकडून मिळालेले आरएसयू (पगाराचा भाग म्हणून टप्प्याटप्प्याने मिळणारे कंपनीचे शेअर्स) चार-पाच वर्षं साठलेले असतात, फ्लॅट आवडतो, शेअर्स विकायचे ठरतं आणि बुकिंग मात्र सवयीने नवऱ्याच्या नावावर होऊन जातं. थांबा जरा. शेअर्स तिचे म्हणजे नफा तिचा, टॅक्स तिला, आणि घर घेतल्यावर मिळणारी सूटही तिलाच, त्यामुळे अ‍ॅग्रीमेंटवर तिचं नाव हवंच. जॉइंट घेत असाल तर तिचे पैसे तिच्या खात्यातून बिल्डरला गेलेले दिसू द्या.

बाहेरच्या कंपनीचे शेअर्स लाँग टर्म (म्हणजे वेगळा दर आणि घराची सूट लागू होणारे) व्हायला 12 नाही, 24 महिन्यांपेक्षा जास्त लागतात, आणि ते मोजायचे शेअर्स तिच्या खात्यात आले तेव्हापासून, ग्रँटच्या लेटरपासून (शेअर्स देऊ असं कंपनीने कळवलेलं पत्र) नाही. दर तिमाहीला शेअर्स व्हेस्ट होत (म्हणजे तिच्या मालकीचे होऊन खात्यात येत) असतील तर प्रत्येक लॉटची (हप्त्याची) तारीख वेगळी, तेव्हा घाईत सगळे एकदम विकू नका, 24 महिने न झालेल्या लॉटच्या नफ्यावर स्लॅबने टॅक्स लागतो आणि घराची सूटही मिळत नाही. जुन्या लॉटवर 12.5 टक्के, वर सेस. व्हेस्ट होताना पगारात जी किंमत धरून टॅक्स कापला तीच तुमची खरेदी किंमत, ती शून्य धरून दोनदा टॅक्स भरू नका!

आता ही सूट, म्हणजे जुन्या आयकर कायद्यातलं कलम 54एफ (1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आहे, कलमांचे नंबर बदललेत). इथे बहुतेकजण चुकतात, फक्त नफा घरात घातला की झालं असं वाटतं, पण विक्रीची पूर्ण रक्कम घालावी लागते. समजा 80 लाखाला विकले, नफा 50 लाख, घरात 60 लाख घातले, तर साडेसदतीस लाखच माफ, उरलेल्या साडेबारा लाखावर टॅक्स. घर भारतातच हवं, विक्रीच्या आधी 1 वर्ष किंवा नंतर 2 वर्षांत घेतलेलं, बांधकाम चालू असेल तर 3 वर्षं. रिटर्नची मुदत येईपर्यंत पैसे वापरले नसतील तर बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवा. तिच्या नावावर आधीच दोन घरं असतील तर मात्र सूट नाही.

फ्लॅट एकट्या तिच्याच नावावर घेतला तर महाराष्ट्रात स्टँप ड्युटी 1 टक्का कमी, 90 लाखाच्या फ्लॅटवर 90 हजार वाचतात. पण मग नवरा नुसता को-बॉरोअर (कर्जात नाव, घरात नाही) राहिला तर लोनच्या व्याजाची वजावट त्याला नाही, दोन्ही आकडे मांडून ठरवा.

फ्लॅट 50 लाख किंवा वरचा असेल तर बिल्डरला पैसे देताना 1 टक्का टीडीएस (आधीच कापायचा टॅक्स) तुम्हीच कापून भरायचा. आणि शेअर्स विकून संपले तरी त्या कॅलेंडर वर्षाचं शेड्यूल एफए (परदेशातल्या मालमत्तेची माहिती) रिटर्नमध्ये भरायचंच, लपवलं तर 10 लाखांचा दंड लागू शकतो.

आमच्याकडे सल्ल्याला येताना ब्रोकरचं लॉटवाईज स्टेटमेंट, त्या वर्षांचे फॉर्म 16 आणि अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट आणा, सही करायच्या आधी.